एका वर्षाची कावीळ

अर्जनवीस म्हणजे काय, हे हल्ली लोकांना समजावून सांगावे लागते. ज्याला सरकारकडे काही मागायचे आहे, पण कोणत्या शब्दांत मागायचे हे ठाऊक नाही, त्याचा कागद लिहून देणारा तो अर्जनवीस. पुण्यातील एका कचेरीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, टेबल, खुर्ची आणि मराठी टंकयंत्र एवढ्या सामग्रीवर मी हे काम आयुष्यभर केले. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तरीही सनद असलेल्या वकिलांनी माझ्याकडून मसुदे तपासून नेले आहेत, आणि एका प्रांतसाहेबांनी माझा अर्ज वाचून, 'हे कोणी लिहिले?' अशी चौकशी शिपायाकरवी केली होती. आत्मस्तुती म्हणून हे सांगत नाही. पुढे माझ्या हातून जे घडले ते अज्ञानातून घडले, असा समज कोणी करून घेऊ नये म्हणून सांगतो.

त्या वर्षांत पुणे आमच्या अंगावरून पुढे चालले होते. कचेरीसमोरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात सायबर कॅफे आला. शहराबाहेर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्या ज्या जमिनींवर उभ्या राहिल्या त्यांचे कागद काही दिवस आमच्या शेडमधून गेले, मग तेही जाईनासे झाले. फाटकाबाहेर संगणकावर कागद छापून देणारा डीटीपीवाला बसू लागला; त्याने सगळे मसुदे संगणकात भरून ठेवले होते. नाव बदलायचे आणि कागद बाहेर काढायचा. ज्या वाक्यासाठी मी अर्धा तास विचार करीत असे, ते तिथे चहा येण्याच्या आत तयार होई. गिऱ्हाईक तिकडे वळले. मला कोणी हाकलले नाही. फक्त माझ्या टेबलासमोर कोणी उभे राहीनासे झाले.

अशा दिवसांत एका महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापिका माझ्याकडे आल्या. त्यांचे वडील वारले होते आणि वारस दाखल्याचा अर्ज हवा होता. मी लिहून दिलेला कागद त्यांनी उभ्याउभ्याच दोनदा वाचला.

"तुम्ही शब्द फार जपून वापरता," त्या म्हणाल्या.

"त्याशिवाय आमचा इलाज नाही, बाई. साहेबाला दुसरं पान उलटायची सवय नसते."

त्या हसल्या. मे महिन्यात त्यांच्या महाविद्यालयात तीन आठवड्यांचे लेखनशिबिर होते. जूनमध्ये प्रथम वर्षाला येणाऱ्या मुलांसाठी. "बारावी झालेली मुलं आहेत, पण साधा अर्ज लिहिता येत नाही हो. एक दिवस माझा, एक दिवस तुमचा. याल का?"

मी म्हणालो, "बाई, माझं शिक्षण नववी..."

"ते मुलांना सांगायची काही गरज नाही," त्या पटकन म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी चांगुलपणानेच उच्चारले असेल. पण माझ्या मनात ते जे रुतले ते निघाले नाही. महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर माझ्या नावापुढे 'अतिथी मार्गदर्शक' असे लिहिलेले मी पाहिले, तेव्हा त्या तीन आठवड्यांत ते पद कसे टिकवायचे याचीच काळजी मला प्रथम लागली.

वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुले होती. बहुतेकांना मे महिन्याची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून आईवडिलांनी ढकलले होते. अर्धी मुले संध्याकाळी संगणकाच्या क्लासला जात आणि बोलताना तीन शब्दांमागे एक इंग्रजी शब्द घालीत. पहिल्या दिवशी मी फळ्यावर अर्जाची चौकट आखली: कोणाकडे, कोणाकडून, विषय, मजकूर, विनंती. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी' हे लिहून मी वळलो, तर मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "काका, ई-मेलमध्ये हे सब्जेक्टच्या वर टाकायचं की खाली?"

वर्ग हसला.

"तुमचा अर्ज कचऱ्यात टाकायचा असेल तर कुठेही टाका," मी म्हणालो.

वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी माझ्या बाजूने. त्यानंतर त्यांनी मला फारसा त्रास दिला नाही. पण ऐकलेही नाही. खिडकीतून बाहेर पाहत ते माझे दोन तास संपण्याची वाट पाहत. ते नोकरी मागणार ती इंग्रजीत, आणि विनंती करण्याची वेळ आपल्यावर येणारच नाही अशी त्यांची खात्री होती. विनंती करावी लागेल हे वर्गात एकाच व्यक्तीला माहीत होते. ती पहिल्या बाकावर भिंतीच्या कडेला बसे आणि माझा शब्दन् शब्द वहीत उतरवून घेई.

ती मुलगी इतरांहून वर्षाने मोठी होती. तिचे कुटुंब वऱ्हाडातून येऊन येरवड्यात स्थिरावले होते. बोलणे पुण्याचेच, पण गोंधळली की घरची बोली मध्येच डोकावे आणि वाक्याच्या शेवटी 'जी' येई. वडील बांधकामावर होते. परांची कोसळून त्यांचा पाय मोडला आणि ते वर्षभर घरी बसले. बारावीचा निकाल हातात घेऊन ही मुलगी भोसरीच्या एका कंपनीत लागली. टीव्हीच्या सर्किटवर बारीक जोड डागण्याचे काम. वर्षाने वडील लंगडत का होईना रखवालदारीवर जाऊ लागले, तेव्हा तिने कंपनी सोडली. घरात त्यावरून बोलणे झाले होते. वडिलांनी सांगितले होते, यंदा कॉलेजात नाव लागले तर शीक, नाही लागले तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. हे सगळे तिने मला दुसऱ्या आठवड्यात सांगितले, कारण तिच्यापुढे एक कागद उभा राहिला होता.

शिक्षणात वर्षाचा खंड पडला असेल तर महाविद्यालय प्रतिज्ञापत्र मागते. त्या वर्षात मी काय करीत होतो, कोठे प्रवेश घेतला नव्हता ना, हे स्टॅम्पपेपरवर शपथेने लिहून द्यायचे. अशा मुलांचे प्रवेश प्राचार्य स्वतः पाहत. दुपारी ती कचेरीत माझ्या टेबलाशी आली.

"सर, बाहेर डीटीपीवाला आहे, पण म्हटलं तुम्हीच शिकवता तर..."

कित्येक दिवसांत मला इतके बरे वाटले नव्हते.

आता आमच्या धंद्यातील एक रीत सांगणे भाग आहे. खंडाच्या प्रतिज्ञापत्रात कारण लिहायचे ते आजारपणाचे. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. मी शेडमध्ये आलो तेव्हापासून तो होता. खरे कारण लिहिले की कारकून प्रश्न विचारतो. नोकरी केली म्हणावे, तर नेमणुकीचे पत्र आणा, सोडल्याचे पत्र आणा, आणि कंपनी ते देत नाही. आजारपणाला कोणी प्रश्न विचारीत नाही. त्यातही कावीळ हा आमचा सर्वांत भरवशाचा आजार. विश्रांती दीर्घ लागते, मागे खूण राहत नाही, आणि साहेबाच्या घरात कोणाला ना कोणाला ती होऊन गेलेली असते. या काविळीवर मी कितीतरी मुलांना इंजिनिअर होताना पाहिले आहे.

मी टंकयंत्रावर कागद चढवला आणि लिहू लागलो: 'सदर वर्षी मी काविळीने व तदनंतरच्या अशक्तपणाने अंथरुणास खिळून असल्याने पुढील शिक्षण घेऊ शकले नाही. सदर काळात मी कोठेही नोकरी अथवा व्यवसाय केलेला नाही.'

तिने वाचले. "पण मी आजारी नव्हती जी."

"ते मला माहीत आहे."

"मग कंपनीचं लिहू या ना. मी काम केलं, त्यात काय?"

"काही नाही. पण तू कोण आहेस हे कागदाला कळत नाही. कागदाला कारण लागतं. तुला प्रवेश पाहिजे का तुझी गोष्ट सांगायची आहे?"

तिने कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "प्रवेश पाहिजे."

"मग सही कर."

तिने केली. आत जाऊन अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन आली. कागदाच्या खाली लिहिणाराने आपले नाव घालण्याची पद्धत आहे. त्या दिवशी मी ते घातले नाही. महाविद्यालयाच्या फायलीत अतिथी मार्गदर्शकाचे नाव अशा जागी दिसू नये, एवढाच विचार माझ्या मनात होता. म्हणजे कागद कोणत्या प्रकारचा आहे हे मला पुरते ठाऊक होते.

चार दिवसांनी प्राचार्यांनी तिला बोलावले. फाईल चाळली आणि मायेने विचारले, "आता तब्येत बरी आहे ना?" ती 'हो सर' म्हणाली. त्यांनी प्रवेश द्यावा असा शेरा मारला. वर्गात येऊन तिने मला हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता, पण ती म्हणाली, "त्यांनी इतकं चांगलं विचारलं, सर, की मला लाजच वाटली."

मी म्हणालो, "होईल सवय."

ज्या दिवशी माझा तास नसे त्या दिवशी बाई त्यांना निबंध लिहायला लावीत. माझ्या मते तो वेळेचा अपव्यय होता, आणि ते मत मी शिक्षकांच्या खोलीत एकदा बोलूनही दाखवले होते. त्यामुळे बाई मला निबंधांविषयी काही सांगत नसत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी 'माझे मागचे वर्ष' असा विषय दिला होता, हे मला समारोपाच्या दिवशी कळले.

समारोपाला प्राचार्य अध्यक्ष होते. प्रथम माझा सत्कार झाला. शाल आणि श्रीफळ. प्राचार्यांनी स्वतः शाल पांघरली आणि माइकवर म्हणाले, "विद्यापीठाबाहेरही विद्या असते, हे आपण आम्हाला दाखवून दिलंत." टाळ्या वाजल्या. आयुष्यात प्रथमच मी व्यासपीठावरच्या खुर्चीत बसलो होतो. मेच्या उकाड्यात ती शाल अंगावर धरून मी ताठ बसलो.

मग बाई म्हणाल्या की शिबिरातील सर्वांत चांगला निबंध आता वाचला जाईल. आणि पहिल्या बाकावरची ती मुलगी कागद घेऊन उठली.

तिने ते का वाचले, हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारले आहे. बाईंना नाही म्हणायला जमले नसेल. फाईलमधला कागद आणि हातातला कागद यांचा काही संबंध असतो, हे तिच्या लक्षात आले नसेल; आमच्या शेडमध्ये तो कधी नसतोच, आणि ते तिला मीच शिकवले होते. किंवा, आणि हे मला जास्त खरे वाटते, इतके लोक आपले ऐकायला बसलेत याचाच तिला मोह पडला असेल. तो मोह मला परका नव्हता.

तिने वाचले ते साधे होते. भिंगाखाली दिवसभर पाहिल्यावर बाहेरची माणसे कशी फार मोठी दिसतात. बोलायला बंदी असल्यामुळे बायका एकमेकींना भुवयांनी कसे चिडवतात. डागणीचा चटका बसून बोटांची टोके गुळगुळीत झाली आणि घरी आल्यावर पोळीचा गरमपणा कळेनासा झाला, म्हणून आईने तिला तव्याजवळून उठवले. त्यात एकही विशेषण नव्हते. मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की तशा चार ओळी लिहिणे मला कधी साधले नाही.

मागच्या बाकावरचा तो ई-मेलवाला मुलगासुद्धा ऐकत होता. टाळ्या थांबल्यावर प्राचार्य अध्यक्षीय भाषणाला उठले. त्यांनी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"फार चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "कावीळ झालेली असताना वर्षभर इतकं बारीक काम म्हणजे कमालच झाली."

मुलांना काही समजले नाही. दोघे-तिघे सवयीने हसले. बाई गोंधळून प्राचार्यांकडे पाहत राहिल्या. प्राचार्यांनी उरलेले भाषण दोन मिनिटांत आटोपले आणि खाली उतरताना बाईंना म्हणाले, "तिला माझ्या खोलीत घेऊन या. प्रतिज्ञापत्राविषयी विचारायचं आहे." बाई मला म्हणाल्या, "तुम्हीही चला ना. कचेरीचं काहीतरी दिसतंय, तुम्हाला कळेल."

आम्ही तिघे त्यांच्या टेबलापुढे उभे राहिलो. प्रतिज्ञापत्र उघडून त्यांनी ते तिच्यासमोर ठेवले.

"यातलं खरं कोणतं? हे, की आत्ता वाचलंस ते?"

"वाचलं ते," ती म्हणाली.

"कंपनीत काम केलंस म्हणून मी तुला प्रवेश नाकारला असता, असं वाटलं तुला?"

तिने हातातल्या निबंधाची घडी घातली.

"उलट कौतुक केलं असतं. पण तू शपथेवर खोटं लिहून दिलंस. वर मी तब्येत विचारली तर हो म्हणालीस."

बाई मध्ये पडल्या. "सर, नवीन प्रतिज्ञापत्र घेऊ या. लहान आहे, कोणीतरी सांगितलं असेल तिला."

"कोणी सांगितलं?" प्राचार्यांनी तिला विचारले. "हे कोणी लिहून दिलं?"

मी तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर होतो. तिने मान वळवली नाही. समोरच्या टेबलाकडे पाहत म्हणाली, "कचेरीबाहेर बसतात एक जण. त्यांनी."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "म्हणजे आपल्याच आवारातले कोणी दिसतात. ओळखता का आपण?"

खोलीत पंखा फिरत होता. शाल खांद्यावरून घसरत होती, ती मी सावरली. त्या वेळी एक वाक्य पुरे होते. दुसऱ्यांच्या तोंडी घालण्यासाठी मी हजारो वाक्ये तयार केली होती. पश्चात्तापाची, क्षमायाचनेची, काळजाला हात घालणारी. त्यांतले एकही मला माझ्यासाठी सापडले नाही.

"पुष्कळ जण बसतात, साहेब," मी म्हणालो.

"खरं आहे," ते म्हणाले. "आपल्यासारख्या माणसाला त्यांच्यात बसावं लागतं, याचं वाईट वाटतं."

त्यांनी तिचा अर्ज परत केला. तक्रार करणार नाही, पण यंदा प्रवेश मिळणार नाही. पुढच्या वर्षी खरा कागद घेऊन यावे. बाईंनी पुन्हा विनवले. ते म्हणाले, "मॅडम, आज हिला सोडलं तर उद्या प्रत्येकाला कावीळ होईल."

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठले. काय बोलावे हे ठरवले नव्हते. मी म्हणालो, "मी सांगितलं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं," ती म्हणाली. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण सांगायला पाहिजे होतं जी."

दिवाळीच्या आधी मी भोसरीला गेलो. एका गिऱ्हाइकाचे काम होते असे मी घरी सांगितले. तसे काही काम नव्हते. कंपनीच्या फाटकासमोर दुपारची पाळी सुटेपर्यंत उभा राहिलो. बायका घोळक्याने बाहेर आल्या. तीही त्यांत होती. मला पाहून तिच्या मैत्रिणी थबकल्या, तिने त्यांना पुढे जायला सांगितले.

"इथे कोणाचा अर्ज आहे, सर?"

"तुला बघायला आलो. घेतलं का परत?"

"घेतलं. जुन्या जागेवर दुसरी बसली. मी आता खोकी बांधते."

"बोटांना तरी आराम," मी म्हणालो. बोलल्यावर लगेच मला माझी लाज वाटली. ती किंचित हसली.

"आणि पुढच्या वर्षी?"

"बाबांशी बोलणं झालं होतं ना, सर. तो विषय संपला."

ती बसथांब्याकडे चालू लागली, मी बरोबर चाललो. मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. म्हणालो, मी प्राचार्यांकडे जातो. सगळे सांगतो. तो कागद माझा होता असे लिहून देतो. कदाचित ते बोलावतील तुझ्या वडिलांना.

तिने मला पूर्ण बोलू दिले. बस दिसू लागली तेव्हा म्हणाली, "आता सांगून माझं काय होणार आहे? तुम्हालाच बरं वाटेल."

आणि ती बसमध्ये चढली.

तिने मला मोकळे केले नव्हते, हे मला तिथे उभ्याउभ्याच कळले होते. तिला एवढेच दाखवायचे होते की त्या कबुलीजबाबाचा अर्जदार मीच आहे आणि लाभधारकही मीच. पण परतीच्या वाटेवर शिवाजीनगर येईपर्यंत मी त्या वाक्याचा दुसरा अर्थ लावून घेतला: तिला नको आहे, मग मी कशाला सांगावे. मसुदा करण्याचा मला जन्माचा सराव. एखाद्या वाक्यातून आपल्याला हवे ते काढणे मला जड गेले नाही.

पुढच्या मे महिन्यात शिबिराचे निमंत्रण पुन्हा आले. मी गेलो. त्यानंतरही पाच वर्षे गेलो, शिबिर बंद होईपर्यंत. खंडाच्या प्रतिज्ञापत्राचा तास आला की मी मुलांना खरे कारण लिहायला सांगत असे, आणि दुपारी शेडमध्ये येऊन ज्यांना हवी त्यांना कावीळ लिहून देत असे. त्या सगळ्या वर्षांत प्राचार्य मला व्हरांड्यात भेटत. थांबून, हात जोडून विचारीत, "या, कसं काय चाललंय आपलं?"

मी म्हणत असे, "आपली कृपा आहे, साहेब."